गच्चीवर कोण होतं

— नाही सर, खाली बघायचं नाही. भिंतीकडे तोंड करा, तो लाल होल्ड, ती खुंटी, घट्ट धरा आणि थांबा. उतरवते ना, उतरवते. दोर घट्ट धरलाय मी, पडणार नाही तुम्ही — फक्त मी दोर सोडत गेले तरच खाली येता येतं, एवढं आहे. घाई कसली? भीती वाटतेय? वाटणारच, सगळ्यांना वाटते, सातवीतल्या पोरींना पण वाटते.

ओळखलं असेलच तुम्ही. टोपी घातली म्हणून काय झालं — चार वर्षांपूर्वी मुलुंडला तुमच्या शाळेत पीटी शिकवायची ती रेवती मॅडम. तुम्ही सुपरवायझर, सुबोध सर. आता साहसी खेळ पीटीच्या तासालाच घ्यायचं ठरलं, मग शिक्षकांनी आधी स्वतः भिंत चढायची, म्हणून तुम्हाला इथं बोरिवलीला माझ्याकडे पाठवलं. यादीत नाव वाचलं ना, तेव्हाच ठरवलं, यांचा दोर दुसऱ्या कुणाला द्यायचा नाही. आठवडाभर खूश होते, खोटं कशाला बोलू?

मघाशी चढायच्या आधी काय केलं आपण? मी तुमच्या कमरेचं बकल बघितलं, तुम्ही माझं बघितलंत. पट्टा बकलमधून परत उलटा घेतलाय की नाही — नसेल तर वजन आलं की सरकतो. दोघांनी बघायचं, मगच पाय उचलायचा. त्या दिवशी पोरी हेच करत होत्या. क्रीडादिन, शाळेच्या गच्चीवरून दोराने उतरायचं, खाली मांडवात पाहुणे — आणि तुम्ही माझ्या शेजारी उभे, घड्याळ बघत. म्हणालात, ते एकमेकींचं बकल बघणं राहू दे मॅडम, आटपा, पाहुण्यांना जायचंय. मग गंधाली उतरली. पहिल्या मजल्यापर्यंत नीट उतरली, तिथं पट्टा सरकला. मांडीचं हाड दोन ठिकाणी मोडलं तिचं, अजून लंगडते. आणि चौकशीत तुम्ही काय लिहून दिलंत? मी गच्चीवर नव्हतो. मला काढलं, त्यानंतर एकाही शाळेने दारात उभं केलं नाही — आणि तुम्ही क्रीडाप्रमुख. वा.

मला माफीबिफी नको. ते खाली बाकावर बारा शिक्षक बसलेत, त्यात तुमच्याच शाळेतली शुभा आहे, जिला सगळं माहीत होतं आणि जी गप्प बसली. त्यांना ऐकू जाईल असं बोला. मी गच्चीवर होतो. एवढंच. बोलणार नाही? बरं, मला काय, मी संध्याकाळपर्यंत उभी राहीन, सवय आहे मला — तुमचे हात किती वेळ टिकतात ते बघा.

काय? मोठ्याने. शुभाला ऐकू नाही गेलं.

हां. ऐकलंस शुभा? होते म्हणतात. शेजारी उभे होते म्हणतात. मी चार वर्षं घसा फोडून सांगतेय, कुणी ऐकलं? आणि हे काय माणूस आहे बघ, पोरीचा पट्टा सुटा लोंबतोय, सरळ समोर दिसतोय, तरी हे आपले आटपा आटपा करत —

काय म्हणालात?

कुणाला म्हणजे? दिसत होता म्हणजे — तिथं उभं असलेल्या कुणालाही दिसला असता. तुम्हाला बकलमधलं काय कळतं, तुम्हाला कसं — नाही, थांबा. मी म्हणणार होते ना, एक मिनिट सर, हिचं परत बघू दे. तोंडाशी आलं होतं. तुम्ही घड्याळ पुढे केलंत आणि मी — बारा पोरी राहिल्या होत्या अजून. शुभा, अशी बघू नकोस माझ्याकडे. नको म्हणते ना.

हात सोडा, सर. मागे टेका, पाय भिंतीला लावा, सोडतेय मी दोर. हळू. टेकले ना पाय? झालं.

गंधालीची आई अजून फोन करते मला, दर दिवाळीला. तुम्हाला शिव्या घालते आणि मला म्हणते, मॅडम, तुम्हाला कुठं दिसलं होतं, तुमचा काय दोष. मी हो म्हणते.

जा तुम्ही. नाही, जवळ येऊ नका, मी नाही हात लावणार — तुमचं बकल तुम्हीच काढा.