फळीवर माणूस असताना

माझे पूर्ण नाव वर लिहून दिले आहे, कामावर मला लंबू म्हणतात. वय ४१. धंदा उंच इमारतींच्या काचा बाहेरून धुण्याचा. राहणार लॉन्ड्रीच्या मागे, दुसरा मजला, डावीकडची खोली. घरी बायको, ती त्याच लॉन्ड्रीत इस्त्रीच्या मशीनवर आहे.

पोलीस ठाण्यात स्वतः हजर राहून सांगतो की, आमच्या टोळीत आम्ही तिघे. मी, माझ्या बायकोचा धाकटा भाऊ आणि उस्ताद. मी फळीवर बसतो. फळीचा दोर गच्चीवरच्या लोखंडी कड्यातून फिरवलेला असतो आणि वरचा माणूस तो हाताने सोडत जातो. तो माणूस म्हणजे माझा मेहुणा. आम्हा दोघांना हे काम उस्तादांनी शिकवले. त्यांचा उजवा अंगठा एका अपघातात गेला, तेव्हापासून ते बादल्या आणि साबण बघतात. गेल्या महिन्यात ठेकेदाराने मेहुण्याला टोळीचा मुख्य केले.

त्यानंतर एकदा चहाच्या वेळी उस्ताद मला म्हणाले, "लंबू, तुझा मेहुणा आता साहेब झालाय. दाजींचं वय झालं म्हणतो, त्यांना खाली बादल्या भरायला बसवू." मला राग आला. मी मेहुण्याशी कामापुरते बोलू लागलो. तो माझ्याशी तेवढेही बोलेना. त्याचे कारण मला आज कळले. उस्तादांनी त्याला सांगितले होते, "मी कुणाच्या घरात नाक खुपसत नाही. पण ताईच्या हाताला काय झालंय, एकदा बघ. विचारू मात्र नकोस, ती नवऱ्याचं नाव सांगायची नाही." बायको तेव्हा लांब बाह्यांचे कपडे घालत होती, हे खरे आहे.

आज सकाळी मी सातव्या मजल्याच्या काचेवर होतो. वारा पडलेला होता, काचेवरचा फेस हलत नव्हता. वर मेहुणा आणि उस्ताद होते. उस्ताद काय बोलले ते मला ऐकू आले नाही. मेहुण्याने नंतर सांगितले, ते असे: "तुझ्या भरवशावर लटकलाय बघ कसा निवांत. तुझ्या बहिणीने कुणाच्या भरवशावर राहायचं?"

त्या वेळी फळी अचानक हातभर खाली आली आणि थांबली. बादली पडली. मी दोन्ही हातांनी दोर धरला. वाऱ्याने दोर सरकला असावा, असे माझे म्हणणे आहे. जबाब लिहून घेणाऱ्या साहेबांनी विचारले की, वारा पडला होता असे आधी सांगितले, त्याचे काय? त्यावर माझे म्हणणे असे की, उंचावर वारा कुठून येईल याचा नेम नसतो.

नंतर मेहुण्याने मला वर घेतले. हात देऊन कठडा ओलांडायला लावला. कमरेचा पट्टा स्वतः सोडवला. पाण्याच्या टाकीपाशी नेऊन उभे केले, पाय स्थिर आहेत का ते बघितले आणि मग माझ्या कानाखाली वाजवली. "ताईचा हात काय केलास?" असे विचारले. एरवी तो मला अहो-जाहो करतो.

मी म्हणालो, "मशीनवर भाजलाय. तिलाच विचार." त्याने तिथूनच फोन लावला. बायको मोठ्याने बोलते, त्यामुळे मला सगळे ऐकू आले. "तुला सांगितलं असतं तर नोकरी सोड म्हणून माझं डोकं खाल्लं असतंस, म्हणून लपवलं. तुझे दाजी रोज मलम लावतात. आणि तुम्ही कामावर आहात की गप्पा झोडताय?" मेहुणा खाली बसला. माझे पाय धरू लागला. मी म्हणालो, "पाय नको धरू, आधीच लटपटतायत." तोवर उस्ताद खाली उतरले होते. मेहुण्याने मला पाडायचा प्रयत्न केला आणि मारहाण केली, ही खबर ठाण्यात त्यांनीच दिली.

उस्ताद मला इथे व्हरांड्यात भेटले. असे का केले, असे मी विचारले. ते म्हणाले, "अंगठा गेल्यापासून माझ्या दोरावर कुणी बसलं का रे?" कुणी बसले नाही, हे खरे आहे.

माझी तक्रार उस्तादांविरुद्ध आहे. कानात बोलण्याला कलम कोणते लावायचे, असे साहेब म्हणाले. ते मला माहीत नाही. मात्र फळीवर माणूस असताना वरच्याने रागवायचे नाही, आधी माणूस वर घ्यायचा, मग काय ते बोलायचे, हे आम्हाला उस्तादांनीच शिकवले. मेहुण्याने ते पाळले, म्हणून मी हा जबाब देऊ शकतो. त्या शिकवणीबद्दल मी उस्तादांचा आभारी आहे. जबाबात आभार लिहीत नाहीत, असे साहेब म्हणाले. ते लिहिल्याशिवाय मी सही करणार नाही असे सांगितल्यावर त्यांनी लिहिले.

मेहुण्याविरुद्ध माझी कसलीही तक्रार नाही. ती थप्पड आमच्या घरातली आहे. तो बाहेर बाकावर बसला आहे, त्याने सकाळपासून पाणीही घेतलेले नाही. त्याला माझ्याबरोबर घरी जाऊ द्यावे. उद्या त्याच इमारतीची उरलेली बाजू आहे आणि दोर त्याच्या हातात नसेल, तर मी फळीवर बसणार नाही.

साहेबांनी सगळा जबाब मला मोठ्याने वाचून दाखवला, मी सांगितला तसाच तो उतरला आहे. वाऱ्याचे वाक्य त्यांनी दोनदा वाचले. तेही बरोबर आहे.