तिसरा स्क्रू

— नाही नाही, साहेब, उठवणार नाही मी तिला. तुम्ही तिचे वरिष्ठ, घरी आलात, बसा, चहा घ्या — पण ती झोपलीय, अंगात कणकण आहे. उड्डाणाच्या कागदावरची तिची सही दुपारी होईल की. काय? उड्डाण परवावर आलंय — माहीत आहे हो, या घरात दुसरं बोलतोय कोण! मी तिचा नवरा, शाळेत भूगोल शिकवणारा माणूस, पण मला ताटात नॉझलच वाढलं जातं. वरच्या टप्प्याचं इंजिन, त्याचं घंटेसारखं तोंड — लांब असेल तितका जोर जास्त, पण रॉकेटात तेवढी जागा कुठे? म्हणून त्याचा खालचा घेर वर सरकवून ठेवायचा, खालचा टप्पा गळून पडला की तीन स्क्रू फिरवून खाली उतरवायचा, मग इंजिन पेटवायचं. तिन्ही एका चालीनं फिरले पाहिजेत, नाहीतर घेर तिरका होऊन अडकतो — आपला ड्रॉवर अडकतो तसा. बरोबर ना? बघा, पाठ झालंय मला.

आणि तो तिसरा मागे राहिला ना — त्या थंड खोलीतल्या चाचणीत? एकदाच, मान्य. नंतर दर वेळी नीट उतरला, तेही मान्य. तुम्ही म्हणालात, चाचणीपुरत्या घेराचं वजन पेलायला बांधलेल्या दोऱ्यांचा दोष, वर अवकाशात वजनच नसतं, वर काही अडणार नाही. असेलही! ती कुठे नाही म्हणतेय? ती म्हणते, कारण सापडू दे. एवढंच. तर तुम्ही भर बैठकीत — 'बाई, तुमच्या मनाच्या समाधानासाठी रॉकेट थांबत नसतं' — आणि सगळे हसले. घरी येऊन बेसिनपाशी उभी राहिली, नळ सुरू, हात कोरडेच. विचारलं, काय झालं, तर म्हणे, 'अरे, त्यांच्यात मीही हसले.' ते लागलं तिला, साहेब. तुमचं बोलणं नव्हे — स्वतःचं हसणं.

तेव्हापासून डोळ्याला डोळा नाही. म्हणजे — आज लागलीय झोप, म्हणून तर उठवत नाही. या रॉकेटातून जाणारा उपग्रह बनवणारी माणसं, त्यांना यातलं काही सांगितलंच नाही ना तुम्ही? वादळांची आगाऊ खबर देणार म्हणे तो. घेर अडकला तर उपग्रह अर्ध्या वाटेतच राहणार. मी म्हटलं तिला, तूच कशाला? नोकरी जाईल, वर नाव खराब. तर चपला घालता घालता म्हणाली — काल. काल म्हणाली. काल घालता घालता.

दाराकडे काय बघताय? तिच्या चपला शोधताय?

बरं, नाही ती घरात. खोटं जमतच नाही मला, तिनं बजावलंही होतं — 'कुणी आलं तर चहा दे, बोलू नकोस.' त्यांच्याकडेच गेलीय, त्या उपग्रहवाल्यांकडे, सगळं सांगायला. तिला भीती नाही असं नाही हो — केसांची पिन दोनदा खाली पडली, शेवटी मीच लावली.

फोन वाजतोय तुमचा. घ्या ना. माझ्यासमोरच घ्या —

काय म्हणतात? उड्डाण थांबवलं? उपग्रहवाल्यांनीच थांबवलं? ... ती आहे का तिथे? बसलीय का, उभी आहे? पाणी तरी दिलं का कुणी तिला? — सांगा ना, साहेब, तुमचं तोंड असं का उतरलंय? तिचं आता काय करणार तुम्ही?

नको. मला नका सांगू. तिला सांगा, समोर उभं राहून. या आता. कप राहू दे तिथेच.