उरलेलं

सांगलीत डॉक्टरांच्या खोलीबाहेर बसलो होतो. मागच्या बाकावर शिराळ्याकडच्या सासू-सुना होत्या.

"वजन उतरवायला पोट कापून घ्यायचं? आगं, त्यापरीस तोंडावर ताबा ठेव की."

"ताबा? आत्याबाई, काल मी जेवून उठले, तवा परत हाक कुणी मारली?"

"भात उरला हुता, म्हनून मारली."

"आन् मामंजींनी ताटात ठेवलेली अर्धी भाकरी?"

"आन्न टाकू नये. आमीबी असंच खात आलो."

"मग तुमच्या लेकाला का न्हाई वाढली?"

"जयराज गडीमानूस. त्यो उष्टं खातोय व्हय?"

"लगीन झाल्यापास्नं तुमच्या घरातलं सगळं उरलंसुरलं माझ्याच पोटात गेलंय. गुडघं गेलं, साखर वाढली. आता डॉक्टर पोट लहान करतो म्हनत्यात, तर तुमी मला ताबा शिकिवताय!"

"हळू बोल, लोक बघत्यात."

"बघू द्या. मी आपरेशन करनार म्हंजी करनार."

"कर बाई, कर. तुझ्यापुढं कोन बोलनार?"

मागं डब्याचं झाकण वाजलं.

"अंकिता, जयराजनं अर्धं थालीपीठ ठेवलंय बघ. तेवढं खाऊन टाक, उगं वाया जाईल."