मास्तरांची थुंकी

ताई : लॅबवाले म्हणतात, आपण सख्खी भावंडं नाही. आता आईला जाऊन काय विचारू, ते तूच सांग.

धाकटा : ताई, हळू बोल. हातात वस्तरा आहे माझ्या, मास्तरांचा कान जाईल.

मास्तर : एकाच गालाची दाढी झालीय माझी. पण घाई नाही, चालू द्या.

ताई : तपासणीची नळी दिली होती तुला. त्यात तूच थुंकलास ना?

धाकटा : म्हणजे काय! माझ्या तोंडानं थुंकलो.

ताई : मग संशय आईवरच घ्यायचा म्हण की.

मास्तर : छे छे, माउलीवर आळ नको. थुंकलो मी.

धाकटा : मास्तर!

मास्तर : याच खुर्चीत, फेस लावायच्या आधी. म्हणाला, "मास्तर, तुमची तब्येत ठणठणीत, एवढे उपकार करा." बरं ताई, माझं काय आलं?

ताई : काही दोष नाही. शंभरी गाठाल.

मास्तर : वा! मग दुसरा गाल उद्या केलास तरी चालेल रे.

ताई : हसू नकोस, गाढवा. बाबा याच खुर्चीमागे हार्ट अटॅकनं कोसळले, कंगवा हातातच होता. बेचाळीस वर्षांचे होते. पुढच्या महिन्यात तुला बेचाळीस पूर्ण होतील.

धाकटा : मी रोज सायकल हाणतो. तळलेलं तोंडात घालत नाही.

ताई : बाबा तरी कुठे खायचे? काडीसारखे होते. त्यांच्याकडूनच आलाय हा जनुकातला बदल. लिव्हर रक्तातलं कोलेस्टेरॉल नीट उचलतच नाही. माझ्यात निघाला. तुझ्यात असेल किंवा नसेल, निम्मी निम्मी शक्यता. असला तर रोज एक गोळी. माझा आकडा उतरलाय बघ.

धाकटा : कळतं गं सगळं. पण कागदावर येत नाही तोवर मी बाबांसारखा नाही ना? भीती वाटते मला.

ताई : मला नव्हती वाटली? बाथरूममध्ये नळ सोडून रडले होते. धर, नवी नळी आणलीय. आणि या वेळी मी समोर उभी आहे.

मास्तर : मी भिंतीकडे तोंड करतो. माझ्याकडून मदत बंद.

धाकटा : ...येतच नाहीये. तोंडाला कोरड पडलीय. घोटभर पाणी दे.

ताई : पाणी चालत नाही. प्यायलास तर थुंकायला अर्धा तास थांबावं लागेल मग.

धाकटा : तुला ऑफिसला उशीर होईल.

ताई : होऊ दे. पी पाणी, आणि मास्तरांचा गाल पुरा कर तू. मी बसते इथेच.