घसरणीची टेकडी

काय सांगू तुमाले ताई, माहं मायेर बोदवडकडचं, म्हणजे नावालेच मायेर, माय-बाप मी लहान असतानाच गेले, काकानं वाढवलं आन् लगन करून इकडं फैजपूरच्या बाजूले देल्हं, झाला मोकळा. पहिल्या आखाजीले, म्हणजे तुमची अक्षय तृतीया, गावातल्या बठ्ठ्या सुनायले न्यायले कोणाचा भाऊ आला, कोणाचा बाप आला, मले न्यायले कोणीच नाही आलं. मी चुलीपाशी रडत बसली. सासू म्हणे रडू नको वं, मायेर नाही तं टेकडी हाये, जाय घसरायले.

टेकडी काही मोठी नाही हो, गावाबाहेर मुरमाची, एका अंगानं उतरती. आखाजीले गावच्या लेकी मायेरी आल्या का माणसं त्या उतारावर गाळाची माती लिंपायचे, वरून घागरी ओतायचे, आन् केळीच्या खांबाचं ओलं सोपट बुडाखाली घेऊन आयाबाया, लेकरं, बठ्ठे घसरायचे. केळीचा डाग जन्मात निघत नाही, म्हणून जुनंच लुगडं नेसून जायचं. आमचे मालक केळीच्या मळ्यात कामाले, सोपटं तेच आणायचे, आन् नवख्या माणसाले शिकवायचेही तेच, पाय पुढे, मान वर, घाबरायचं नाही. मलेही त्यांनीच शिकवलं, बठ्ठ्या गावासमोर. अशी वरडली ताई मी, लगन झाल्यापासून तोवर एकदाही मोठ्यानं बोलली नव्हती. तवापासून ती टेकडीच माहं मायेर.

माही एकच पोर, शोभा. तिले मांडीवर घेऊन घसरली मी, मंग ती एकटी घसरायले लागली, मंग मोठी झाली, पारोळ्याले देल्ही. रस्ता इतका खराब, गाड्या बदलता बदलता दिवस जाये, म्हणून एकदा आली का आठ-आठ दिवस राहे. मंग नवा रस्ता निघाला. त्याले मुरूम पाहिजे म्हणे. गावाची बैठक बसली, बठ्ठे म्हणे देऊन टाका टेकडी, आपल्याच लेकी लवकर येतीन. बायाही हो म्हणल्या, आमाले तं आनंदच व्हता. मालक एकटे म्हणे, मांगून खोदा बापा, उतार राहू द्या. पन गाड्या लावायले उताराचीच बाजू सोयीची, तिकडूनच खोदली. मालक रोज जाऊन पाहत बसायचे. आता तेही नाही राहिले.

यंदा आखाजीले शोभा सकाळीच आली, गाडी घेतली ना जावयानं. पुरणपोळी, आमरस, बठ्ठं केलं मी. जेवली, आन् उन्हं उतरली तशी उठली. मी म्हटलं रहाय ना वं आज. म्हणे आई, आता रस्ता चांगला झाला, कशाले राहू, अंधार पडायच्या आत घरी पोचते. खरंच हाये तिचं. पहिले तो खराब रस्ताच तिले माह्यापाशी ठेवे.

वटी भरली, नीट जाय माय म्हटलं, दारात उभी राहिली. गाडी भरकन निघून गेली, आमच्या टेकडीवरूनच गेली, तोच मुरूम हाये त्या रस्त्याखाली. सुखात राहो पोर, भरलेलं राहो तिचं घर. पन एक रात तरी राहायले पाहिजे व्हतं तिनं.