परत केलेली ओवाळणी

थांबा, पेटीवाले, सूर जरा आत ठेवा. तबलजी, हात आवरा! आख्यानाला हात घालण्याआधी मला एक विचारायचं आहे, मंडळी.

समजा, एक माणूस आहे. आपला माणूस! घरचा, ताटाला ताट लावून जेवणारा. आणि त्याच्या हातून चुकतंय. तर त्याला भर सभेत, चारचौघांदेखत प्रश्न विचारावा का? का आपला आहे म्हणून तोंड मिटून बसावं? जो विचारतो तो त्याचा वैरी — का सखा?

बघा, बघा! पुरुष मंडळी लगेच खाली बघायला लागली! बायकांना काही वाटत नाही, त्या घरच्या माणसाला रोजच विचारतात. हसा, हसा! पण हसून झालं की ऐका. कारण आज एका बाईचीच गोष्ट सांगणार आहे.

आपल्याच झाडीपट्टीतली गोष्ट. चाळीसएक वर्षं झाली असतील. नावं-गावं मी बदललीत, उगाच उद्या सायकल काढून शोधत फिरू नका! गाव म्हणा पळसबोडी. आणि त्या गावचा तलाव — काय सांगू तुम्हाला! ज्यानं त्या काळचा तलाव पाहिला ना, त्याच्यापुढं नुसतं तलावाचं नाव काढा. म्हातारा हातातलं काम टाकून सांगत बसतो.

जुन्या लोकांनी खांद्यावर माती वाहून पाळ बांधलेली. पाळीवर आंब्याची, मोहाची झाडं. कमळं एवढी, की लग्नकार्यात पत्रावळी विकत आणायचं कामच नाही, कमळाच्या पानावर गरम भात! हिवाळ्यात कुठून कुठून बदकं यायची. धानाच्या बांधीत, त्या खाचरांत, सारसाची जोडी अशी चालायची, जशी गावचे पाटील-पाटलीण निघालेत शेत बघायला! आणि तुडूम उघडायचं त्या दिवशी — तुडूम म्हणजे पाळीच्या पोटातलं पाणी सोडायचं तोंड, हे आता पोरांना सांगावं लागतं — त्या दिवशी अख्खं गाव पाळीवर. कोणी नारळ फोडतंय, कोणी खाली पाटात पाय सोडून बसलंय. पाणी आलं रे आलं, की बाया रोवणीची गाणी उचलायच्या!

त्या गावात उदेभान पुस्तोडे म्हणून एक तरुण. आणि त्याची धाकटी बहीण देवका. आई लवकर गेली, तेव्हा भावानंच तिला लहानाची मोठी केली. दोघं त्या पाण्यातच वाढली म्हणा ना! शिंगाडे काढायला हा पाण्यात, ती काठावर ओचा पसरून उभी. "दादा, तिकडचे, तिकडचे! ते मोठे आहेत!" आणि दादा तिकडे.

तलावाच्या पलीकडच्या अंगाला खैरीटोला. दोन्ही गावांचं धान एकाच पाण्यावर. तिथला दामोदर लांजे हा उदेभानचा जिवाचा मित्र. शिकलेला, बोलका, मनानं निर्मळ. उदेभाननं देवका त्याला दिली. वरात पाळीवरून गेली हो! दिवस मावळायला आलेला, पाणी शांत — आणि सगळी वरात पाण्यात उलटी चाललेली! देवकानं डोळ्याला पदर लावला होता, पण त्या पदराआडून ती पाण्यातच बघत होती. सासरी जाताना आईला बघावं तशी.

पुढं काय झालं? दोघं मित्र राजकारणात पडले. एकाच पक्षात. मतदारसंघांची हद्द तलावातूनच जायची, त्यामुळं दोघंही आमदार झाले! आणि मग एक दिवस दामोदर मंत्री झाला. कशाचा? पाटबंधाऱ्यांचा! पाण्याचा! पळसबोडीत डफडी वाजली. उदेभाननं पहिला हार घातला, आणि देवका मुंबईच्या बंगल्यात राहायला गेली. मग दोघांचं गावाकडं येणं मोटारीतून, घाईचं; पाळीवर पाय ठेवणं राहूनच गेलं.

आता तलावाकडे या. पूर्वी तो मालगुजाराचा, म्हणजे गावच्या जमीनदाराचा; आता सरकारजमा झाला होता. कायदा चांगलाच होता, पाणी एकट्या मालगुजाराचं का असावं? सगळ्यांचं असावं! पण काय झालं, पूर्वी दर उन्हाळ्यात गाव गाळ काढायचं, आता गाव म्हणायचं, सरकार काढील. आणि सरकारचं धोरण काय ठरलं? मोठ्या धरणाचा कालवा येणार आहे. कालवा आला की जुन्या तलावांचं काय काम? म्हणून तलावांच्या दुरुस्तीवर खर्च बंद!

आणि कालवा येत होता, मंडळी. येतच होता. बिचारा अजून येतोय!

इकडे तलाव गाळानं भरला. कमळांच्या जागी बेशरमाच्या झुडपांचं रान माजलं. तुडूम गळायला लागलं. धान ऐन निसवणीला आलं, लोंब्या फुटायला लागल्या, की पाटात पाणी नाही. सारसाची जोडी एका वर्षी आली, बांधीत फिरली, आणि गेली ती गेलीच.

उदेभान मुंबईला दामोदरकडे गेला. "जवाईबापू, तलावाचं काय करता?"

"साळेबुवा, आधी जेवा."

पुन्हा गेला. "जवाईबापू, यंदाही धान गेलं."

"बघू या, सांगतो खात्याला. आधी पानावर बसा."

जेवण प्रत्येक वेळी झालं, तलाव राहिला! शेवटी उदेभाननं काय केलं? नागपूरच्या हिवाळी अधिवेशनासाठी तारांकित प्रश्न टाकला. म्हणजे असा प्रश्न, की ज्याला मंत्र्यानं सभागृहात सगळ्यांसमोर उभं राहून उत्तर द्यायचं. कोणाला? स्वतःच्या मंत्र्याला. स्वतःच्या बहिणीच्या नवऱ्याला!

बंगल्यावर वादळ झालं. दामोदर देवकाला म्हणाला, "विरोधी बाकावरच्यांनी विचारावं, ते त्यांचं कामच आहे. पण घरच्यानं? लोक म्हणतील, सख्खा साळा ज्याच्यावर विश्वास ठेवत नाही, तो कसला मंत्री? भाऊबीजेला जाते आहेस ना? मग ओवाळणीत मागून घे. प्रश्न मागे घ्यायला सांग."

सांगा आता, आयाबहिणींनो! एकीकडे कुंकवाचा धनी, एकीकडे आईच्या जागी असलेला भाऊ. कुठं जाईल ती?

देवका माहेरी आली. पाट मांडला, रांगोळी घातली. उदेभान टोपी घालून बसला. तिनं ओवाळलं. आणि तो नेहमीप्रमाणं हसून म्हणाला, "माग बाई. काय पाहिजे?"

तबक हातात तसंच. ती म्हणाली, "दादा, तो प्रश्न मागे घे."

उदेभानचं हसू मावळलं. त्यानं निरांजनाची वात जरा पुढं सारली. मग म्हणाला, "दिलं. तुझ्यापुढं मला आमदारकी मोठी नाही. उद्या नागपूरला जाऊन प्रश्न मागे घेतो."

झालं! मिळालं की नाही मागितलेलं? मग आनंद व्हायला पाहिजे होता ना? पण सकाळी देवकाला घरात बसवेना. माहेरी आले आहे तर तलावाला भेटून यावं म्हणून ती पाळीवर गेली — आणि उभीच राहिली.

कुठं पाणी? नुसतं बेशरमाचं जंगल! एरवी दिवाळीत पाणी पाळीला लागलेलं असायचं; आता मधोमध एक डबकं, आणि कडेला कोरड्या गाळात झिरा खोदून एक बाई वाटीवाटीनं पाणी भरत होती. जवळ गेली तर तिची बालमैत्रीण चंद्रभागा!

"चंद्रे, अगं हे काय?"

चंद्रभागेनं वर बघितलं. ना राग, ना टोमणा. ती म्हणाली, "ये बाई, बस. काय सांगू? पहिले तलाव मालगुजाराचा होता, तं त्याच्या दारात जाऊन भांडत होतो. आता तुमच्याच घरचा मंत्री. मग आम्ही विचारावं तं कोणाला विचारावं, सांग ना?"

मंडळी, देवका तिथंच गाळात बसली. तिनं चंद्रभागेच्या हातातली वाटी घेतली आणि तिची घागर भरून दिली. मग पदर खोचून अशी झपाझप घराकडे निघाली! उदेभान नागपूरला जायला निघालेला, पिशवी खांद्याला, पायात जोडा. ती दारात आडवी झाली.

"दादा, माझी ओवाळणी परत घे."

"काहून?"

"चुकीचं मागितलं मी. तू विचार. सगळ्यांसमोर विचार."

"अगं, तुझा संसार? जवाईबापू काय म्हणतील?"

"ते मी बघीन. पण त्यांना आता घरात कोणी विचारत नाही, दादा. साहेब, साहेब करतात सगळे. मीही तेच करते. तू तरी विचार!"

वाहवा, माय! अहो, ओवाळणी घेणाऱ्या बहिणी घरोघर आहेत. परत करणारी बघितली होती कधी?

अधिवेशनाचा दिवस उजाडला. देवका वर प्रेक्षकांच्या सज्जात. खाली एका बाकावर नवरा, दुसऱ्यावर भाऊ. प्रश्न पुकारला गेला. पळसबोडीचा तलाव नादुरुस्त असून धानाचं नुकसान होत आहे, हे खरे आहे काय? असल्यास, शासन काय कार्यवाही करीत आहे?

दामोदरराव उठले. खात्यानं लिहून दिलेला कागद वाचला. "हे खरे नाही. तलाव सुस्थितीत आहे. प्रश्न उद्भवत नाही!"

काय झकास शब्द आहे बघा — प्रश्न उद्भवत नाही! धान वाळलं, कमळं गेली, पाखरं गेली. उद्भवला नाही तो फक्त प्रश्न!

उदेभान उठला. उपप्रश्न! "अध्यक्ष महोदय, माझा एवढाच प्रश्न आहे. मंत्रिमहोदयांनी हा तलाव शेवटचा कधी पाहिला?"

सभागृहात हशा. विरोधक बाकं वाजवायला लागले. "उत्तर द्या! सासुरवाडीचा रस्ता विसरले!" दामोदररावांचा चेहरा तांबडाबुंद! त्यांनी दुसरा कागद उचलला, खाली ठेवला. आणि नजर सहज वर गेली. सज्जात देवका. ती काही खुणावत नव्हती, डोळे पुसत नव्हती. नुसती बघत होती, तीही उत्तराची वाट बघत होती!

दामोदरराव थांबले. मग हळू आवाजात म्हणाले, "अध्यक्ष महोदय, मी पाहिलेला नाही. बऱ्याच वर्षांत नाही. उत्तर खात्यानं दिलं आणि मी वाचलं. हा प्रश्न राखून ठेवावा. मी स्वतः जाऊन बघतो, आणि मग उत्तर देतो."

मंत्री म्हणतो, मी पाहिलेलं नाही? असं कधी झालं होतं का?

परतताना मोटारीत दोघंच मागे. दामोदररावांनी विचारलं, "तू सांगितलंस त्याला मागे घ्यायला?"

"सांगितलं. त्यानं कबूलही केलं. मग मीच म्हटलं, विचार."

त्यांनी काच खाली केली आणि बाहेर बघत राहिले. रात्री पानावरही बसले नाहीत. सकाळी आवाज आला, "गाडी काढा. पळसबोडी. आणि बाईंनाही बोलवा."

पाळीवर उभे राहिले. मग जोडे काढून गाळात उतरले. चंद्रभागा झिऱ्यावर होतीच. "पाणी देता का, बाई?" तिनं दिलं. गढूळ, कोमट. तिच्यादेखत सगळं प्यायले. प्यायले आणि तोंड फिरवून उभे राहिले. देवकानं त्यांचा चेहरा बघितला नाही. मुद्दामच नाही बघितला.

पुढच्या आठवड्यात सभागृहात उत्तर आलं. "होय, हे खरे आहे. याआधीचं उत्तर चुकीचं होतं. कालव्याच्या भरवशावर जुने तलाव सोडून देण्याचं धोरण चुकतं आहे, आणि ते मी बदलायला घेतलं आहे." दुरुस्तीच्या खर्चावरची बंदी उठली. पळसबोडीचा गाळ निघाला, तुडूम नवं झालं. आसपासच्या तलावांनाही हात लागला. सगळ्यांना नाही, खोटं कशाला सांगू? पण लागला.

आणि दामोदररावांचं काय झालं? मंत्रिपद गेलं! पुढच्याच फेरबदलात. ज्यानं भर सभागृहात चूक कबूल केली तो वरच्यांना कसा परवडावा? आणि तुम्हाला वाटेल, साळा-जवाई गळ्यात गळा घालून रडले असतील. कीर्तनात असं सांगायला गोड वाटतं. पण नाही! दामोदरराव रागावले ते चांगले रागावले. उदेभानच्या दाराची पायरी चढेनात. भाऊबीजेला देवका एकटी यायची, दोघांचे निरोप पोचवायची. म्हणजे काय, एकमेकांनी न दिलेले निरोप! "दादा, ते विचारत होते तुझी तब्येत." कुठले विचारतायत? बाईच आपल्या पदरचं घालत होती!

मग निवडणूक आली. दामोदरराव निवडून आले, उदेभान पडला. निकालानंतर उदेभान ओसरीवर एकटा बसलेला. पडलेल्याकडे कोण येतं? तर दारात मोटार थांबली. दामोदरराव उतरले, मागे देवका.

उदेभान उठायला लागला. दामोदररावांनी त्याला खांदा धरून बसवलं, आपण शेजारी बसले. मग म्हणाले, "साळेबुवा, तुम्ही तिथं नाही, आता मला कोण विचारणार?"

देवका आत चुलीपाशी गेली होती. तिनं ते ऐकलं. चहाचं आधण तिनं मुद्दाम दोनदा वाढवलं, बसू देत दोघांना म्हणून!

आता सांगा. विचारणारा वैरी होता का?

ती माणसं गेली, मंडळी. दामोदरराव गेले, उदेभान गेले, देवकाबाईही गेल्या. तसं रागावणारे, आणि राग गिळून दारात येणारे लोक आता फार दिसत नाहीत. आणि का दिसत नाहीत? तुम्ही मला सांगा, तुमच्या ग्रामसभेला किती जण जाता? गेलात तर तोंड उघडता? "आपल्याच भावकीचा आहे, कशाला वाईटपणा घ्या?" मग घरी येऊन भिंतीला सांगता! देवापुढं मात्र गाऱ्हाणं घालता, पाऊस दे, पाणी दे. अरे, देवानं दिलेलं पाणी गेलं कुठं, ते ज्याला विचारायचं त्याला विचारा ना!

काय म्हणालात? कोण बोललं? नाही, नाही, माय, बसू नका! त्या तिकडे, खांबाजवळ. काय विचारलंत? मोठ्यानं बोला! "आपल्या बोडीत ट्रॅक्टरनं मुरूम कोण टाकतंय?"

ऐकलंत ना सगळ्यांनी? आपलं गावतळं मुरूम टाकून कोण बुजवतंय? माय, उभ्याच राहा. सरपंच, तुम्ही पहिल्या रांगेत आहात, फार बरं झालं. हा घ्या माईक. या, संकोच करू नका, सगळी आपलीच माणसं आहेत.

टाळकऱ्यांनो, टाळ खाली ठेवा. देवाचं नाव घेऊ, जरूर घेऊ. पण आधी त्या माउलीला उत्तर मिळू द्या.