कुलूप बाहेर, मालक आत

मंडळी, ऐका! आज एकच प्रश्न विचारतो. तयारी कशाला म्हणायची? वैशाखात आभाळ काळं झालं, वीज गेली, आणि आपल्या घरात दिवा आहे — झाली का तयारी? माना डोलवू नका लगेच! आधी ताटे अण्णांची गोष्ट ऐका, मग डोलवा.

दिगंबर ताटे. तालुक्याच्या गावातलं पेठेतलं घर. उभा जन्म एका कारखान्याच्या भांडारात गेला, तिथंच खिळे-मोळे सांभाळले. निवृत्त झाले, पण भांडार काही डोक्यातून निवृत्त होईना! वळवाचं वारं सुटायच्या आत यांची लढाई सुरू. इन्व्हर्टरच्या बॅटरीत पाणी घातलं. कंदिलाची काच राखेनं घासली. काड्यापेट्या प्लास्टिकच्या पिशवीत, पिशवी डब्यात, डबा कपाटात! छपराच्या पत्र्यावर दगड ठेवले. पिंपं भरली, दळण आणलं, चटण्या वाटून घेतल्या. शालनकाकू, म्हणजे त्यांची मंडळी, म्हणाल्या, "अहो, पाऊस येणारे, का शत्रूचं सैन्य?"

अण्णा म्हणाले, "सैन्य परवडलं! शेजारी नाही परवडत!"

त्याचं असं झालं होतं. आदल्या वर्षी वादळात खांब पडले, सगळी गल्ली अंधारात, उजेड फक्त अण्णांकडं. मग काय! कुणी मोबाईल आणला, कुणी मिक्सर आणला, एक पठ्ठ्या तर दाढीचं मशीन घेऊन आला! म्हणे, "अण्णा, अर्धीच झालीये!" — हसताय काय मृदंगवाले बुवा? तुम्ही नव्हता ना त्यात?

तर यंदा अण्णांनी युक्ती काढली. दुपारी ढग जमले तशी हातात पिशवी घेतली आणि भर गल्लीत ओरडले, "निघालो बरं का! लेकीकडं! साताऱ्याला!" पुढच्या दाराला बाहेरून हे एवढं कुलूप ठोकलं. किल्ली खिशात. काकूंना घेऊन मागच्या बोळातनं गपचूप परसात, आणि मागच्या दारानं पुन्हा घरात! खिडक्यांना आतून घोंगड्या. उजेडाची तिरीप बाहेर जाता कामा नये!

वारं सुटलं. पत्रे खडखडले. वीज गेली! सगळ्या गल्लीत "गेली! गेली!" आणि आत अण्णांच्या डोक्यावर पंखा गरगरतोय. समोर आंब्याच्या फोडी. मंडळी, स्वर्ग म्हणजे दुसरं काय असतं?

काकू पदरानं घाम पुसत म्हणाल्या, "घोंगडी काढा हो, जीव गुदमरतोय."

"अगं, उजेड दिसेल!"

"मग उजेड केलाय तरी कशाला?"

बघा! अख्ख्या कीर्तनाचं सार बाई एका वाक्यात बोलून गेली. पण बायकोचं ऐकलं असतं तर आख्यान कशाला झालं असतं?

तेवढ्यात परसात कडाडकड! शेवग्याचं झाड मोडलं आणि बरोब्बर मागच्या दारावर आडवं झालं. दार बाहेर उघडणारं. इंचभर हलेना! अण्णा म्हणाले, "असू दे. कुणाला बाहेर जायचंय?"

आणि मग भिंतीपलीकडून खोकला ऐकू आला.

शेजारी बाबू लोहार. त्याची आई हौसाक्का, दम्याची. छाती भरली की वाफेचं मशीन लावायचं. मशीन विजेवरचं. आणि वीज तर गेलेली! रस्त्यावर झाडं आडवी, रिक्षा येईना. हौसाक्काचा श्वास असा सूं सूं वाजत होता की भिंतीतून ऐकू यावा. बाबूची बायको सिंधू रडत होती, "आजच कसे गेले हो ताटे अण्णा साताऱ्याला?"

बाबू म्हणाला, "काय करणार? माणूस तोंडाचा कडू, पण गेल्या वर्षी आईचं मशीन त्यांच्याच घरी चाललं. ते असते तर नुसतं दारात उभं राहायचीच खोटी होती."

अण्णांच्या हातातली फोड हातातच राहिली. शिवी दिली असती तर पचली असती हो! पण ज्याच्यापासून लपलो, तोच आपल्याविषयी चांगलं बोलतोय, हे कसं पचावं? काकू नुसत्या बघत राहिल्या. ज्यांचं लग्न झालंय त्यांना ते बघणं ठाऊक आहे!

अण्णा उठले. पुढच्या दाराला धडक दिली — कुलूप! मागचं दार — शेवगा! किल्ली खिशात, मालक आत, कुलूप बाहेर! धावले खिडकीशी, घोंगडी ओढून फाडली, भसकन उजेड गल्लीत, आणि गजांतनं ओरडले, "बाबूऽऽ!"

गल्लीनं काय बघितलं? कुलूपबंद घरात उजेड आणि आत काळी आकृती! "चोर! ताट्यांच्या घरात चोर!" धावले सगळे. कुणाच्या हातात काठी, कुणाच्या हातात उलथनं!

"अरे चोर नाही, मी ताटे!"

"खोटं बोलतोस? अण्णा साताऱ्याला गेलेत!"

शेवटी काकूंनी खिडकीत तोंड घातलं. "बाबू, हेच ते. असा माणूस दुसरा कुठनं आणू?"

अण्णांनी किल्ली बाहेर दिली. बाबूनं कुलूप काढलं, आईला उचलून आणलं. मशीन लावलं, वाफ सुटली. अण्णा हौसाक्काच्या पायाशी बसून तिच्या छातीकडं बघत होते, वर-खाली, वर-खाली. हळूहळू सूं सूं थांबली. तोंडावरची नळी बाजूला करून म्हातारी पहिलं वाक्य काय बोलली?

"दिगंबर, सातारा लई जवळ आलाय रं आता!"

अख्खं घर हसलं. अण्णांनी मान खाली घातली आणि म्हणाले, "चुकलो आक्का. सिंधू, ज्याचे त्याचे मोबाईल घेऊन ये." मोबाईल आले, मागोमाग मिक्सरही आला! थोड्याच वेळात बॅटरीनं मान टाकली. अंधार झाला. पण खिडक्या सताड उघड्या होत्या, ओल्या मातीचं गार वारं येत होतं, आणि अण्णा पुठ्ठ्यानं हौसाक्काला वारा घालत बसले होते. काकू म्हणाल्या, "आता जरा बरं वाटतंय."

तर मंडळी, बॅटरीत पाणी घाला, कंदील पुसा, जरूर पुसा! आळशाला देव उजेड देत नाही. पण आता इथून घरी जायच्या आधी मला एक सांगा. तुमच्या भिंतीपलीकडं कोण राहतं? त्याला काय दुखतं? ठाऊक आहे? — आता डोलवा माना! अहो, पांडुरंग काही टाळ वाजवत येत नाही. कधी कधी तो भिंतीपलीकडं नुसता खोकतो. ऐकू आला तर दार उघडा, आणि म्हणा प्रेमानं — विठ्ठल, विठ्ठल!